भिलाईची डबल्सवाली

सिंगल्सची एकही मोठी मॅच मी आयुष्यात जिंकलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण भिलाईत अजूनही कोणी ओळख करून देताना मला 'टेनिस चॅम्पियन' म्हणतं, आणि मी लगेच 'डबल्सची' असं जोडते. लोकांना वाटतं, बाई विनयानं बोलतेय. विनय कसला? डबल्स हा वेगळाच धंदा आहे, आणि मला तोच येतो.

ज्यांनी टेनिस पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोर्टाच्या दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांची एकेक पट्टी असते. एकेकटे खेळताना तिथं पडलेला चेंडू बाद. जोडीनं खेळताना मात्र ती पट्टी जिवंत होते. मैदान वाढतं, माणसं दुप्पट होतात, आणि सगळ्यात मोठा घोळ होतो तो दोघांच्या मधोमध येणाऱ्या चेंडूचा. तो कोणाचा? कडेचा चेंडू सुटला तर एकाची चूक. मधला सुटला की दोघं एकमेकांकडं बघतात, आणि तिथून जोडी मोडायला सुरुवात होते.

मी डबल्सकडं वळले ती जागेच्या टंचाईपायी. माझे बाबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून भिलाईच्या पोलाद प्लांटच्या मिलमध्ये लागलेले. आमचं क्वार्टर सेक्टर सहामध्ये. शाळेत असताना टाउनशिपच्या क्लबवर मुलांना टेनिस शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा मी नाव दिलं. आईनं पहिल्या दिवशीच विरोध केला.

"इत्तासा फराक घालून पोरगी अफसरांसमोर धावन? लोकं काय म्हणतीन?"

बाबा फर्स्ट शिफ्ट करून आलेले, पायांतले जड बूट काढत होते. म्हणाले, "जाऊ दे तिले. आठ घंटे लोखंड पाहतो मी. घरी आल्यावर पोरीले हासताना तं पाहू दे."

तडजोड म्हणून मी सलवार घालून खेळायला लागले आणि पुढची सहा वर्षं तशीच खेळले. क्लबवर कोर्टं दोन. बायकांना त्यातलं एक मिळायचं, तेही दुपारी चार ते पाच, म्हणजे ऊन पुरतं उतरायच्या आत. बायका आठ-नऊ. त्यात दोघीच खेळत बसल्या तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून सेक्रेटरींनी नियमच केला, की बायकांनी फक्त डबल्स खेळायचं. पुढं मला टाइम ऑफिसमध्ये कारकुनाची नोकरी लागली, तरी तो नियम होताच.

याच कोर्टावर मला लीलाम्मा भेटली. ती प्लांटच्या दवाखान्यात नर्स होती, केरळची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, डावखुरी आणि अबोल. गावाकडं ती बॉल बॅडमिंटन खेळायची. मनगट असं, की चेंडू कुठं जाणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही. मी उजवी, ती डावी. मी कोर्टाच्या डाव्या अर्ध्यात उभी राहिले आणि ती उजव्या, की दोघींचा ताकदीचा हात मध्ये यायचा. कागदावर सोन्यासारखी जोडी. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात दोघी एका चेंडूवर तुटून पडलो, रॅकेटवर रॅकेट आदळली आणि तिची लाकडी रॅकेट मानेत मोडली.

ती मोडक्या रॅकेटकडं बघत मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटली. मी मराठीत पुटपुटले. तेव्हा लक्षात आलं, की एकमेकींना सांगायला आमच्याकडं शब्दच नाही. इंग्रजी 'माइन' म्हणायला दोघी लाजायच्या, हिंदी 'मेरा' तिच्या तोंडून वेळेत निघायचं नाही.

"तू क्या बोलता है, घर में? मेरा को?" तिनं विचारलं.

"माहा."

"माहा." तिनं दोनदा म्हणून पाहिलं. "अच्छा है. छोटा है. और तेरा?"

"तुहा."

झालं. त्या दिवसापासून आमच्या कोर्टावर "माहा!", "तुहा!" असा आरडाओरडा सुरू झाला. भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होती. दोन वर्षांनी इंदूरला राज्याच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. समोरच्या जोडीत एक कुलकर्णीबाई होत्या, तिथल्या जुन्या मराठी घरातल्या. पहिल्या गेमनंतर बाजू बदलताना त्यांनी मला अडवलंच.

"अहो, तुमच्या पार्टनर ओरडतात ते मराठी आहे का?"

"हो."

"कुठलं हो हे मराठी?"

"भंडाऱ्याचं," मी म्हटलं, "केरळमार्गे आलंय."

त्या इतक्या हसल्या, की पुढची सर्व्हिस त्यांनी नेटमध्ये मारली. तरी पहिला सेट त्यांनीच घेतला. दुसऱ्यात लीलाम्माचं मनगट चालायला लागलं, आणि तिसऱ्यात आमच्या दोघींच्या मधून एकही चेंडू जिवंत गेला नाही. एकही नाही! त्या संध्याकाळी आम्ही मध्यप्रदेशच्या महिला डबल्स चॅम्पियन होतो: एक टाइम ऑफिसची कारकून आणि एक नर्स, एक सलवारमध्ये, दुसरी दवाखान्याच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांत. बाबा कप घेऊन अख्ख्या ब्लॉकमध्ये फिरले. आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "सलवारमधी बी जिंकता येते म्हनावं त्याइले."

ते विजेतेपद आम्ही आणखी दोन वेळा जिंकलं. मग लीलाम्माला मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. घरी तीन लहान बहिणी होत्या, तिनं जायलाच हवं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा फक्त राग आला. दुर्गहून तिची गाडी सुटली त्या दिवशी मी टाइम ऑफिसमध्ये हजेरीची रजिस्टरं तपासत बसले, स्टेशनवर गेले नाही. या गोष्टीची लाज मला अजून वाटते. ती गेल्यावर दोन-तीन जणींबरोबर खेळून पाहिलं, जमलं नाही. मी मॅच खेळणं सोडलं आणि शिकवायला लागले.

सकाळी साडेपाच ते साडेसात कोर्ट, मग घर, मग ड्यूटी. शिकवण्याच्या धंद्यात सगळ्या तऱ्हेची माणसं भेटतात. रिसालीहून एक नवरा-बायको स्कूटरवर यायचे. डॉक्टरनं दोघांनाही व्यायाम सांगितलेला. त्यांना एकाच बाजूला उभं केलं, की चेंडू राहायचा बाजूला आणि सासूबाईंपासून सगळी उजळणी व्हायची. आठवड्यानं मी त्यांना नेटच्या दोन बाजूंना उभं केलं. बाईंनी पहिल्याच दिवशी असा काही फोरहँड हाणला, की साहेबांच्या पोटाला लागला. दोघं खूष! पुढं वर्षभर आले, एकदाही भांडले नाहीत. डबल्स सगळ्यांनाच झेपतं असं नाही.

मुलींना मात्र मी डबल्सच शिकवत होते, आणि त्यात मला दोघी सापडल्या. प्रीती माथुर एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. हात इतका सुरेख, की बघणाऱ्यानं चहा विसरावा. सिंगल्समध्ये तिनं आधीच नाव काढलं होतं. दुसरी रामेश्वरी. वडील हथखोजच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. तिला मी शाळांच्या क्रीडा-मेळाव्यात पाहिलं. तिनं फेकलेला क्रिकेटचा चेंडू मैदान ओलांडून पाहुण्यांच्या मंडपाच्या खांबावर आपटला. असा खांदा मी बायकांत पाहिला नव्हता. क्लबच्या सेक्रेटरींकडं दोन महिने खेटे घालून मी तिला आत घेतलं.

दोघी सतरा-सतरा वर्षांच्या. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नसत. प्रीती इंग्रजी-हिंदीवाली, रामेश्वरी छत्तीसगढी. मधला चेंडू आला, की प्रीती गृहीत धरायची, रामेश्वरी घेईल. रामेश्वरीला वाटायचं, साहेबांच्या मुलीचा आहे, आपण कसा घ्यावा? चेंडू दोघींच्या मधून शांतपणे निघून जायचा.

मी दोन ओढण्या गाठ मारून जोडल्या, एक टोक हिच्या कमरेला, दुसरं तिच्या. डबल्समध्ये दोघींतलं अंतर कायम राहायला हवं. एक डावीकडं सरकली, की दुसरीनंही सरकायचं. कमरेला हिसका बसला, की शरीर आपोआप शिकतं. पंधरा दिवसांत दोघी झुल्यासारख्या एकत्र हलायला लागल्या. बोलत मात्र नव्हत्याच.

एके सकाळी माथुरसाहेब स्वतः कोर्टावर आले.

"मैडम, ये क्या है? मेरी बेटी को बैल की तरह बाँध रखा है?"

"सर, एक जुए में चलना सीख रही हैं."

त्यांना उत्तर आवडलं नाही. भोपाळच्या राज्य स्पर्धेला महिना उरला असताना ते पुन्हा आले. या वेळी आवाज शांत होता. प्रीती भोपाळच्या एका नामांकित क्लबच्या मुलीबरोबर खेळणार, बोलणं झालंय. "आप समझती हैं ना, उसका फ्यूचर है."

प्रीती बुटांच्या लेसकडं बघत उभी होती. मी तिला विचारलं, "तुम क्या चाहती हो?" तिनं मान वर केली नाही. साहेब तिला घेऊन गेले.

रामेश्वरी रॅकेट छातीशी धरून उभी. रडली नाही. एवढंच म्हणाली, "त अब मैं काखर संग खेलहूँ, दीदी?"

कोणाबरोबर खेळू? तिच्या तोडीची दुसरी मुलगी अख्ख्या टाउनशिपमध्ये नव्हती. मी काय बोलतेय हे कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "मोर संग." माझ्याबरोबर.

महिलांच्या खुल्या स्पर्धेला वयाची अट नव्हती. माझं वय छत्तीस, लग्न होऊन एक मुलगा झालेला, आणि शेवटची मॅच खेळून आठ वर्षं लोटलेली. घरी सांगितलं तर आमच्या यांनी आधी माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं.

"पडलीस तं?"

"तं उचलून आणा."

"मंग रजा टाकतो," ते म्हणाले, आणि खरंच टाकली.

महिनाभर रोज मीच माझ्या शिकवण्याखाली राबले. रामेश्वरीला मी शेकडो वेळा सांगितलेलं सगळं आता ती मला सांगायची. "दीदी, गोड़ ल चलाव!" पाय हलवा म्हणे. आणि बरोबर सांगायची.

भोपाळला पहिल्या दोन फेऱ्या रामेश्वरीच्या खांद्यावर निघाल्या. सेमीफायनलला माझ्या पोटऱ्या आखडल्या, तरी निभावलं. आणि फायनलला समोर कोण? प्रीती आणि तिची नवी जोडीदार.

आता खरी गोष्ट सांगते. प्रीतीच्या खेळातलं एक भोक मला माहीत होतं, कारण ते बुजवायचं काम मीच करत होते. ती नेटजवळ असताना तिच्या डाव्या खांद्यावरून उंच चेंडू टाकला, की ती तो सोडून द्यायची आणि जोडीदाराला आवाजही द्यायची नाही. टेनिसमध्ये अशा उंच चेंडूला लॉब म्हणतात. तिनं मला स्वतः सांगितलं होतं, "मैडम, वो बॉल देखते ही मेरा गला बंद हो जाता है." शिकणाऱ्या पोरीनं विश्वासानं सांगितलेली ही गोष्ट. ती तिच्याविरुद्ध वापरायची?

पहिल्या सेटमध्ये मी एकही लॉब टाकला नाही. आम्ही सहा-दोन हरलो. माथुरसाहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

खुर्चीवर बसून पाणी पीत होते, तर रामेश्वरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दीदी, प्रीती ऊपर लॉब काबर नइ मारत हव?" का टाकत नाही म्हणे.

"ऐसे ही."

"ऐसने नइ. मैं देखत हँव." तिनं रॅकेट खुर्चीला टेकवली. "ओहू तुँहर चेली आय, महूँ तुँहर चेली आँव."

तीही तुमची चेली, मीही तुमचीच. मी दया कोणावर दाखवत होते आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल करत होते, हे त्या पोरीनं एका वाक्यात सांगितलं. मी टॉवेल ठेवला आणि उठले.

दुसऱ्या सेटचा पहिलाच चेंडू मी उंच टाकला. प्रीतीच्या डाव्या खांद्यावरून. ती थांबली, तिचा गळा बंद झाला, जोडीदार उशिरा धावली, चेंडू रेषेच्या आत पडला. पुन्हा टाकला. पुन्हा. चौथ्या वेळी त्या दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि मला कळलं की जोडी मोडायला लागली. तो सेट आम्ही घेतला.

तिसऱ्यात प्रीती सावरली. खरं सांगते, तिच्याविरुद्ध खेळतानाही मला तिचा अभिमान वाटत होता. तिनं असे काही फटके काढले, की मी नुसती बघत राहिले. चार-चार. माझा उजवा गुडघा आता स्वतःची मतं मांडत होता. रामेश्वरीनं आपली सर्व्हिस चार फटक्यांत संपवली, पाच-चार. मग समोरच्या सर्व्हिसवर आम्हाला मॅच पॉइंट मिळाला, तो गेला. दुसरा मिळाला.

प्रीतीच्या जोडीदारिणीनं सर्व्हिस केली. मी चेंडू परत टाकला आणि पुढं धावले. प्रीतीनं तो घेऊन आमच्या दोघींच्या बरोबर मधोमध हाणला. माझ्या फोरहँडला, माझ्या आयुष्यभराच्या चेंडूवर. मी रॅकेट मागं घेतली, तर शेजारून रामेश्वरी अशी आली, जशी ती मंडपाच्या खांबाकडं चेंडू फेकताना आली होती. मी हात तिथंच थांबवला. तिनं तो चेंडू समोरच्या दोघींच्या पायांमध्ये असा गाडला, की तो उसळून मागच्या जाळीला जाऊन अडकला.

मग आमचे हे, जे आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नाहीत, ते बाकड्यावर उभं राहून ओरडले, "जिंकली रे! जिंकली!" रामेश्वरीनं मला उचललं. खरोखर उचललं, जमिनीपासून. छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा राज्याची चॅम्पियन झाले होते, आणि या वेळी हवेत होते.

प्रीतीनं नेटवर हात मिळवला, पण माझ्याकडं बघितलं नाही. बक्षीस समारंभानंतर ती मला शोधत आली. डोळे लाल होते.

"मैडम, मुझे सबसे ज़्यादा गुस्सा किस बात का आया, पता है?"

मला वाटलं, लॉबचा.

"पहले सेट में आपने मुझ पर तरस खाया. दोबारा मत करना."

मी तिला जवळ घेतलं. ती पुढं म्हणाली, "और मुझे उसके साथ खेलना है. पापा से मैं ख़ुद बात करूँगी."

काय बोलली मला माहीत नाही. पण पुढच्या सोमवारी सकाळी साडेपाचला साहेबांची गाडी क्लबच्या दाराशी थांबली. साहेब उतरून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मैडम, जैसा आप ठीक समझें." मोठ्या माणसाला एवढं म्हणायला किती कष्ट पडतात हे मी नोकरीत पाहिलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धा भिलाईतच भरली. मी खेळले नाही. मी बाहेर, बाकड्यावर. प्रीती आणि रामेश्वरी फायनलला होत्या आणि सेक्टर सहामधल्या शेजारणींपासून हथखोजच्या फाउंड्रीतल्या कामगारांपर्यंत सगळी भिलाई कोर्टाभोवती लोटली होती. रामेश्वरीचे वडील कामावरून तसेच आलेले, हातापायांना काळी माती. माथुरसाहेबांनी सरकून त्यांना शेजारी जागा केली.

पहिला सेट आमचा. दुसऱ्यात पाच-चारनं पुढं, जिंकायला दोनच पॉइंट हवे असताना एक साधा चेंडू दोघींच्या मधून गेला. आणि प्रीती माथुर, जिला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, ती भर कोर्टात कमरेवर हात ठेवून अस्सल छत्तीसगढीत कडाडली, "कतका बेर बतावँव तोला, आगू झन भाग!" पुढं पळू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं!

रामेश्वरी तितक्याच जोरात, "त तैं चिल्लाए काबर नइ?"

"चिल्लाए रहेंव!"

"नइ चिल्लाए!"

लोक हसायला लागले. फाउंड्रीवाले शिट्ट्या मारायला लागले. उंच खुर्चीवरचे पंच जबलपूरचे, त्यांना यातलं काही कळेना. ते वाकून मला म्हणाले, "मैडम, ये दोनों क्या बोल रही हैं? वॉर्निंग दूँ क्या?"

"नहीं साहब," मी म्हटलं, "अब जोड़ी बन गई है. आप खेलने दीजिए."

पुढचे दोन्ही पॉइंट त्यांनी घेतले.